वाचक विचारतात : दारातले साक्षीदार, नाव नसलेले अभ्यासवर्ग आणि आपली उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत. पवित्र शास्त्र हातात घेऊन येणाऱ्या, पण ख्रिस्ताविषयी काही वेगळेच शिकवणाऱ्या गटांना उत्तर कसे द्यायचे? त्यांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : यहोवाचे साक्षीदार (ख्रिस्त हा देव नसून देवाने सर्वप्रथम निर्माण केलेला, असे मानणारा पंथ) आमच्याकडे नियमित येतात. मागच्या वेळी त्यांनी योहान १:१ उघडले. त्यांच्या इंग्रजी पवित्र शास्त्रात शब्द (म्हणजे ख्रिस्त) हा ‘एक देव’ होता असे छापले आहे आणि मूळ ग्रीकही तसेच आहे, असे ते म्हणतात. ग्रीक न शिकता याला उत्तर देता येईल का?

उत्तर : येईल. पण आधी त्यांचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण तो अगदीच पोकळ नाही. त्या वचनाचा शेवटचा भाग ग्रीकमध्ये ‘काई थेऑस एन हो लोगोस’ असा आहे. ‘लोगोस’ म्हणजे शब्द, ‘थेऑस’ म्हणजे देव आणि ‘हो’ हे निश्चित उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखे. ते ‘लोगोस’ला लागले आहे, ‘थेऑस’ला नाही. ग्रीकमध्ये ‘एक’ अशा अर्थाचे अनिश्चित उपपद नसतेच, त्यामुळे उपपद नसलेल्या नामाचा अर्थ काही ठिकाणी ‘कोणी एक’ असा होतो. प्रेषितांची कृत्ये २८:६ मध्ये माल्टा बेटावरचे लोक पौलाला देव म्हणतात, तिथे तोच अर्थ आहे. साक्षीदारांच्या न्यू वर्ल्ड भाषांतराने (नवा करार १९५०, संपूर्ण १९६१) योहान १:१ मध्ये हाच धागा धरला.

आता दुसरी बाजू. त्याच अध्यायात ६, १२, १३ आणि १८ या वचनांत ‘थेऑस’ उपपदाविना येतो आणि तिथे त्यांचेच भाषांतर सरळ ‘देव’ म्हणते. म्हणजे नुसते उपपद नाही म्हणून काही सिद्ध होत नाही. साक्षीदार म्हणतील की तिथे विभक्ती वेगळी आहे. ते खरे आहे, म्हणून या मुद्द्यावर फार भार देऊ नका. आपल्यातले कित्येकजण इथे घसरतात. ‘क्रियापदाच्या आधी आलेले उपपदहीन नाम निश्चितच असते’ असा नियम ते पाठ करून येतात, पण असा सरसकट नियम नाही, आणि थोडेफार ग्रीक जाणणाऱ्यासमोर तो टिकत नाही. शिवाय ‘थेऑस’ला उपपद असते तर ‘शब्द म्हणजेच पिता’ असा अर्थ निघाला असता, आणि ‘शब्द देवासह होता’ या लगतच्या आधीच्या वाक्याशीच ते विसंगत झाले असते. योहानाची रचना दोन्ही गोष्टी राखते : शब्द पित्याहून वेगळा, आणि तरी देवपण तेच.

निकाल लागतो तो तिसऱ्या वचनात. जे काही झाले ते त्याच्यावाचून झाले नाही, असे योहान लिहितो. एका कागदावर दोन रकाने आखा. एकावर ‘निर्माण झालेले’ आणि दुसऱ्यावर ‘कधीच निर्माण न झालेले’ असे लिहा. मग पेन्सिल पाहुण्यांच्या हाती द्या आणि विचारा, शब्द कुठे लिहायचा? पहिल्या रकान्यात लिहिला तर त्याने स्वतःलाच निर्माण केले असे होते. दुसऱ्या रकान्यात देवाखेरीज कोणी नाही.

यावर ते बहुधा कलस्सैकरांस १:१५ कडे वळतील, कारण तिथे ख्रिस्ताला ‘सर्व उत्पत्तीत ज्येष्ठ’ म्हटले आहे. वळू द्या. स्तोत्र ८९:२७ मध्ये देव दावीदाला ज्येष्ठ करीन म्हणतो, आणि दावीद तर इशायाचा सर्वांत धाकटा मुलगा. ज्येष्ठ म्हणजे मानाने पहिला, वारस. मग १६ आणि १७ ही वचने त्यांच्याच प्रतीतून मोठ्याने वाचायला सांगा. ‘सर्व काही’च्या जागी तिथे ‘इतर सर्व काही’ असे येते, दोन वचनांत मिळून चार वेळा. ग्रीक मजकुरात ‘इतर’ हा शब्द एकदाही नाही. जुन्या इंग्रजी आवृत्त्यांत तो निदान चौकटी कंसात असे. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत कंसही गेले.

ग्रीक पूर्ण बाजूला ठेवायचे असेल तर ही वाट घ्या. यशया ४४:६ उघडा : ‘मी आदी आहे, मी अंत आहे, माझ्यावेगळा देव नाही.’ बोलणारा कोण? ते म्हणतील, यहोवा. मग प्रकटीकरण १:१७-१८. तिथेही ‘मी पहिला व शेवटचा’ म्हणणारा आहे, आणि तो पुढे म्हणतो की मी मेलो होतो. एवढेच विचारा, ‘यहोवा कधी मेला होता?’ आणि गप्प बसा. तेवढी शांतता सोसणे फार अवघड जाते, आणि आपणच बोलायला लागून प्रश्नाची धार घालवतो.

भेटीच्या व्यवस्थेविषयी थोडे. वेळ आधीच अर्ध्या तासाची ठरवा. विषय एकच ठेवा. रक्त घेणे, सण, नरक, १९१४ (त्या वर्षी ख्रिस्त स्वर्गात राजा झाला, ही त्यांची शिकवण) अशा चार गोष्टी एका बैठकीत आल्या तर एकही तडीस जात नाही. तुमचे छापील पत्रक ते बहुधा घेणार नाहीत, म्हणून जे दाखवायचे ते त्यांच्या पवित्र शास्त्रातून दाखवा. दोघे आले असतील तर एकजण जाणता आणि दुसरा शिकाऊ असण्याचा संभव असतो. जो बोलत नाही त्याच्याकडेही बघून बोला. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा आणि पुढच्या भेटीचा दिवस ठरवा.

प्रश्न : माझी मुलगी तीन महिन्यांपासून एका ऑनलाइन शास्त्र-अभ्यासात आहे. आठवड्यातून चार वर्ग, नोट्स, परीक्षा. गटाचे नाव सांगत नाही. ‘पाया पक्का होईपर्यंत घरी काही बोलू नका,’ असे तिला सांगितले आहे. तिच्या वहीत ‘बी = वचन, शेत = अंतःकरण, झाड = मनुष्य, पक्षी = आत्मा’ अशी यादी दिसली. आम्ही काय करावे?

उत्तर : तुमच्या पत्रावरून गट नेमका कोणता हे ठरवता येत नाही. मात्र ही पद्धत आणि ही यादी ‘शिनचॉन्जी’ या गटाच्या शिकवणीशी जुळते. ली मान-ही याने तो १९८४ मध्ये दक्षिण कोरियात स्थापन केला. अभ्यासाची सुरुवात दाखल्यांपासून होते, कित्येक महिन्यांनी प्रकटीकरणाच्या पुस्तकाकडे नेतात, आणि त्यातल्या भविष्यवाण्या याच गटात आणि याच माणसाच्या साक्षीने पूर्ण झाल्या असे शेवटी सांगतात. ते नाव पहिल्या वर्गात सांगितले असते तर बहुतेकजण उठून गेले असते. म्हणून ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा सगळा प्रकार.

पहिली गोष्ट : फोन काढून घेऊ नका, वही फाडू नका. अशा वर्गांत ‘घरचेच विरोध करतील’ हे आधी शिकवून ठेवतात, मत्तय १०:३६ दाखवून. तुम्ही ओरडलात की तिच्या दृष्टीने ती भविष्यवाणी पूर्ण होते आणि शिक्षक खरे ठरतात. पालकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक हीच. पाळकांना अचानक घरी बोलावून तिला चारचौघांत बसवणे ही दुसरी.

त्याऐवजी प्रश्न विचारा, एकेक, दिवसांचे अंतर ठेवून. संस्थेचे पूर्ण नाव काय? संस्थापक कोण? मी एखाद्या वर्गाला बसू शकते का? एक आठवडा सुट्टी घेतली तर काय म्हणतात? हीच शिकवण दुसऱ्या जाणकाराला दाखवायला मनाई का? उत्तरे तिने तुम्हाला द्यायलाच हवीत असे नाही. तिने ती शिक्षकांकडे मागितली तरी काम होते. प्रभू येशूने मुख्य याजकासमोर सांगितले की मी उघडपणे बोललो, गुप्तपणे काही बोललो नाही (योहान १८:२०). हे वचन तिला वाचून दाखवा, त्याचे प्रवचन करू नका.

आता ती यादी. तिच्यात गोम आहे आणि ती एकाच अध्यायात दाखवता येते. मत्तय १३ उघडा. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे राज्याचे वचन, वचन १९. लगेच पुढच्या निदणाच्या दाखल्यात चांगले बी म्हणजे राज्याचे पुत्र, वचन ३८. दोन्ही अर्थ स्वतः प्रभूने सांगितले आहेत आणि ते वेगळे आहेत! शेत तिथे ‘जग’ आहे, अंतःकरण नाही. खमिराचेही तसेच. मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाचे राज्य खमिरासारखे आहे, तर मत्तय १६:१२ मध्ये खमीर म्हणजे परूशी व सदूकी यांची शिकवण. सिंह प्रकटीकरण ५:५ मध्ये ख्रिस्त आहे आणि १ पेत्र ५:८ मध्ये सैतान. प्रत्येक शब्दाला एकच ठरलेला अर्थ चिकटवून तो साऱ्या शास्त्रभर फिरवला की कोणत्याही वचनातून हवे ते काढता येते. तिला म्हणा, ‘तुमची यादी घेऊ आणि फक्त या अध्यायातल्या सातही दाखल्यांना लावून बघू.’ वही तिच्या हातात राहू द्या. ज्या ओळीवर यादी अडेल तिथे तिनेच खूण करावी.

यात आठवडे जातील. त्या काळात जेवण एकत्र, झोप पुरेशी आणि अभ्यासाखेरीज इतर बोलणे भरपूर, एवढे सांभाळा. शिक्षण किंवा नोकरी सोडण्याची, मोठी रक्कम देण्याची वा घर सोडण्याची गोष्ट निघाली तर ‘आधी तीन आठवडे थांब’ एवढाच शब्द मागा.

प्रश्न : ‘माता देव’ अशी शिकवण देणारे लोक भेटले. उत्पत्ति १:२६ मधले ‘आपण’, ‘एलोहीम’ हा देवासाठीचा अनेकवचनी हिब्रू शब्द आणि गलतीकरांस ४:२६ अशी तीन वचने त्यांनी दाखवली. उत्तर काय?

उत्तर : ही शिकवण आन सांग-होंग याने १९६४ मध्ये दक्षिण कोरियात सुरू केलेल्या मंडळीची. १९८५ मध्ये तो वारला. गट त्याला पुन्हा आलेला ख्रिस्त मानतो आणि आज हयात असलेल्या एका स्त्रीला माता देव.

गलती ४:२६ मध्ये ‘वरील यरुशलेम आमची माता आहे’ असे आहे खरे. पण दोनच वचने मागे जा. ४:२४ मध्ये पौल स्वतः सांगतो की हे रूपक आहे आणि या दोन स्त्रिया (अब्राहामाच्या हागार आणि सारा) म्हणजे दोन करार. हागार जर सीनाय पर्वतावरचा करार असेल, तर वरील यरुशलेम एखादी हयात स्त्री कशी? ‘एलोहीम’ रूपाने अनेकवचनी आहे, पण उत्पत्ति १:१ मध्ये त्याचे क्रियापद ‘बारा’ (निर्माण केले) एकवचनी आहे. शिवाय १ राजे ११:३३ मध्ये हाच शब्द अष्टोरेथ या एकट्या देवीसाठी आला आहे. तेव्हा शब्दाच्या रूपावरून ‘पिता आणि माता’ अशी जोडी निघत नाही.

एक सावधगिरी. ‘एलोहीम अनेकवचनी आहे म्हणून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्ध होते’ असे आपल्याही व्यासपीठांवरून कधीकधी सांगतात. तोच तर्क हे लोक उचलतात. आपणच तो सोडलेला बरा.

प्रश्न : त्रैक्य हा शब्द शास्त्रात नाही आणि ती शिकवण नायसियाच्या बिशप-परिषदेत मतदानाने ठरली, हे कितपत खरे?

उत्तर : शब्द नाही, हे खरे. ‘त्रिनितास’ (त्रैक्य) हा लॅटिन शब्द तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाच्या लिखाणात तिसऱ्या शतकाच्या आरंभी सापडतो, म्हणजे नायसियाच्या (इ.स. ३२५) शंभरेक वर्षे आधी. त्याहीपूर्वी, इ.स. ११२ च्या सुमारास, रोमन अधिकारी प्लिनी सम्राट त्राजानला कळवतो की ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. तो विरोधी पक्षाचा साक्षीदार, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. नायसियात वाद अरियसच्या मताचा होता : पुत्र निर्माण केलेला आहे की पित्याशी एकतत्त्व? शास्त्राची पुस्तके कोणती हा प्रश्न तिथे नव्हताच, आणि पवित्र आत्म्याविषयीचा भाग इ.स. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जातो.

समजावताना पाणी, बर्फ, वाफ हा दृष्टांत मात्र टाळा. एकच पाणी तीन रूपे घेते, तसा एकच देव तीन सोंगे घेतो, असा त्याचा अर्थ होतो. ते सबेल्लियसचे मत, मंडळीने तिसऱ्या शतकातच नाकारलेले. यार्देनेवरचा येशूचा बाप्तिस्मा वाचा : पुत्र पाण्यात, आत्मा उतरतो आहे, पित्याची वाणी. तिघे एकाच वेळी. एवढा प्रसंग कोणत्याही दृष्टांताहून जास्त सांगतो.

प्रश्न : आमच्या मंडळीला मॉर्मन या अमेरिकेत उगम पावलेल्या पंथाविषयी चार पानी माहितीपत्रक काढायचे आहे. कशी तयारी करावी?

उत्तर : त्यांचीच पुस्तके आधी वाचा. इ.स. १८० च्या सुमारास बिशप इरेनियसने ज्ञानवादी (गुप्त ज्ञानाने तारण मिळते असे मानणाऱ्या) पंथांना उत्तर देण्याआधी त्यांचे लिखाण मिळवून वाचले होते. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे ज्ञानवाद्यांची हस्तलिखिते सापडली, तेव्हा त्याने लिहिलेल्या बाबी खुद्द त्यांच्या ग्रंथांशी ताडून पाहता आल्या. आपले पत्रकही कोणीतरी असे ताडून पाहणारच आहे, हे धरून लिहा.

प्रत्येक विधानापुढे ग्रंथ, आवृत्ती आणि पान लिहा. झेरॉक्सवरून झेरॉक्स झालेली अवतरणे घेऊ नका. मूळ पान डोळ्यांनी पाहिले नसेल तर वाक्य गाळा. ‘मॉर्मन अनेक बायका करतात’ असे छापले तर पत्रक तिथेच मेले, कारण मुख्य मॉर्मन मंडळीने १८९० च्या जाहीरनाम्याने बहुपत्नीत्व बंद करण्याचा मार्ग धरला आणि आज तसे करणाऱ्याला ती काढून टाकते. साक्षीदारांच्या बाबतीतही हेच. ‘१९१४ ची पिढी मरण्याआधी शेवट येईल’ ही शिकवण त्यांनी १९९५ मध्ये बदलली. १९२५ आणि १९७५ या वर्षांविषयी (तेव्हा नवे युग सुरू होईल अशा) निर्माण झालेल्या अपेक्षा अनुवाद १८:२२ शी (सांगितले ते घडले नाही, तर ते देवाचे वचन नव्हे) ताडून पाहणे योग्य, पण आज ते काय मानतात तेही शेजारी लिहा.

चार पानांत दोनच मुद्दे पुरेत. एक, देव कोण? मॉर्मन संस्थापक जोसेफ स्मिथने एप्रिल १८४४ च्या एका प्रवचनात, देव पूर्वी मनुष्य होता, असे शिकवले. यशया ४३:१० म्हणते, माझ्यापूर्वी कोणी देव झाला नाही, माझ्यानंतर होणार नाही. दोन, अब्राहामाचे पुस्तक, त्यांच्या पवित्र ग्रंथांपैकी एक. इजिप्तच्या पपायरसवरून (प्राचीन कागदावरून) आपण ते भाषांतरित केले, असे स्मिथ म्हणाला. त्या पपायरसचे तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मिळाले आणि १९६७ मध्ये मॉर्मन मंडळीकडे आले. ते इजिप्तच्या नेहमीच्या अंत्यविधीच्या मजकुराचे आहेत, त्यांत अब्राहाम नाही. तुकड्यांवरची अक्षरे पुस्तकाशी जुळत नाहीत हे आज ती मंडळीही मान्य करते. भाषांतर म्हणजे काय, याचे तिचे स्पष्टीकरण वेगळे आहे. तेही एका वाक्यात द्या.

छापण्यापूर्वी मसुदा दोघांना दाखवा : त्या गटातून बाहेर पडलेल्या एकाला, आणि शक्य असेल तर अजून आत असलेल्या एकाला. ‘आम्ही असे मानत नाही’ हे पत्रक छापल्यावर ऐकण्यापेक्षा आधी ऐकावे.

प्रश्न : कोणत्या गटाला ‘कल्ट’ म्हणावे?

उत्तर : शक्यतो कोणाच्या तोंडावर म्हणू नये. दोन मोजमापे वेगळी ठेवा. एक शिकवणीचे : ख्रिस्त कोण, तारण कशाने, शास्त्राच्या बरोबरीला आणखी कोणाचा शब्द आहे का. दुसरे वागणुकीचे : लपवाछपवी, प्रश्न विचारायची भीती, पैसा आणि नातेसंबंधांवर ताबा, सोडून जाणाऱ्याला शिक्षा. शिकवण चुकीची असूनही वागणूक साधी असते, आणि उलटही घडते. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी गयाना देशातल्या जोन्सटाउन वसाहतीत नऊशेहून अधिक लोक मेले, बहुतेक नेत्याने घडवलेल्या सामूहिक विषप्राशनात. त्यांचा नेता जिम जोन्स एका मान्यताप्राप्त प्रोटेस्टंट संप्रदायाचा दीक्षित पाळक होता. तेव्हा दुसरे मोजमाप आपल्या मंडळीलाही लावून बघा.

प्रश्न : २ योहान १० प्रमाणे अशा लोकांना घरात घेऊ नये ना?

उत्तर : त्या काळी मंडळ्या घरांतून भरत आणि फिरते शिक्षक घरमालकाच्या आश्रयावर राहत. त्यांना घरात घेणे म्हणजे मुक्काम आणि व्यासपीठ देणे. ते देऊ नका. खुर्ची, पाणी आणि अर्धा तास द्यायला त्या वचनाची आडकाठी नाही.

प्रश्न : माझा भाऊ बारा वर्षांनी अशा गटातून बाहेर पडला. मंडळीत यायला तो तयार नाही, रात्री झोपत नाही. घाई करावी का?

उत्तर : करू नका. त्याचे मित्र, दिनक्रम, कदाचित कामही त्या गटातच होते. सगळे एका दिवसात गेले. ‘तू फसलास कसा?’ हा प्रश्न घरात कोणीही विचारू नये. तो फसला ते देवाला शोधताना.

झोप सलग दोन आठवडे बिघडलेली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली तर डॉक्टरांकडे न्या, त्याच दिवशी. ‘प्रार्थना करू, बरे होईल’ म्हणून ते लांबवू नका. प्रार्थना दवाखान्याच्या वाटेवरही होते. ओळखपत्रे, बँक खाते, गटाला दिलेले कर्ज किंवा हमी, हे कागद एकदा बसून तपासा.

शास्त्र वाचायची त्याची इच्छा परत आली तर तुकड्यातुकड्यांनी वचने देऊ नका. तशा सुट्या वचनांनीच त्याला बांधले होते. मार्ककृत शुभवर्तमान आरंभापासून शेवटापर्यंत, शक्यतो एकाच बैठकीत, टीपा नसलेल्या प्रतीतून वाचा. मोठ्याने वाचले तर साधारण दीड-दोन तास लागतात. मध्येच एखाद्या शब्दावर तो थांबेल, ‘आम्हाला याचा अर्थ वेगळा शिकवला होता’ म्हणेल. तो शब्द कागदावर टिपून ठेवा आणि वाचन पुढे चालू द्या.